तटस्थतेचं हमीपत्र मी भरून देणार नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
संशोधन व मान्यता समिती, मानव्यविद्या शाखा

स.न.वि.वि.

आपलं नवं परिपत्रक आम्हां संशोधकांपर्यंत आधी गाईड मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आलं आणि मग पोर्टलवर चढलं. पुढच्या सत्रापासून सामाजिक शास्त्रांतल्या प्रत्येक पीएच.डी. प्रस्तावाला ते लागू होणार आहे. ज्यांचं काम अर्ध्यावर आलंय त्यांनीही ‘यथाशीघ्र’ त्यात बसायचं आहे. अटी थोडक्यात अशा : गृहीतक आणि चलं (म्हणजे मोजायचे घटक) सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यातच, पक्की करायची. प्रश्नावली किमान दोनशे जणांकडून भरून घ्यायची. मान्यता मिळाल्यावर शीर्षक, उद्दिष्टं, प्रश्नावली यांत बदल करायचा नाही. करायचाच असेल तर नोंदणी नव्याने. सैद्धांतिक भाग दहा पानांच्या आत उरकायचा. प्रबंधात ‘मी’ नको. आणि या सगळ्यावर कडी म्हणून स्टॅम्प पेपरवर एक हमीपत्र द्यायचं, की संशोधकाचा अभ्यासविषयाशी किंवा अभ्यासगटाशी वैयक्तिक, कौटुंबिक वा सामाजिक संबंध नाही.

माझी हरकत मी रीतसर, विभागप्रमुखांमार्फत कळवली होती. ‘समितीपुढे ठेवण्यात येईल’ एवढं उत्तर आलं. त्यानंतर बैठक झाली, इतिवृत्तही आलं, त्यात हा विषय कुठे दिसला नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

आधी एक कबूल करते. हे परिपत्रक का निघालं ते मला कळतं. रेडीमेड सिनॉप्सिस विकणारी दुकानं आहेत. पाच वर्षं गाईडला तोंड न दाखवता शेवटच्या महिन्यात जाडजूड थेसिस घेऊन उगवणारे महाभाग आहेत. ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ असं शेपूट लावलेल्या शीर्षकाखाली इकडून-तिकडून चिकटवलेली पानं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, येतात आणि बाहेरून आलेले परीक्षक चहा घेऊन सही करून जातात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्याला त्याला आळा घालायचा आहे. पण या साच्यात सगळ्यात सहज बसणार आहेत ते हेच लोक. ज्याला शेतात, वस्तीत, कारखान्यात जायचंच नाही, त्याला पहिल्या दिवशी ठरवलेलं गृहीतक शेवटच्या दिवशी ‘सिद्ध झाले’ असं लिहायला काय लागतं? अडकणार तो, जो खरंच लोकांत गेला आणि वेगळंच काही घेऊन परत आला.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि मे महिन्यात दोन्ही नाही. माझा जन्म ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गावठाणातला. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. आमच्या आजोबांची भातखाचरं त्यातच गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. हे सगळं मी ग्रंथालयात नंतर वाचलं. आधी ते ओटीवर, लग्नाच्या मांडवात, वाटण्यांच्या भांडणात ऐकलेलं होतं. माझा मान्य झालेला विषय आहे : ‘नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या आर्थिक स्थितीवर साडेबारा टक्के योजनेचा परिणाम : एक अभ्यास’.

आता आपणच सांगा, मी हमीपत्र भरून देऊ कसं? दिलं तर स्टॅम्प पेपरवर धडधडीत खोटं लिहावं लागेल. नाही दिलं तर मान्यता जाईल. बरं, माझं एकटीचं सोडा. सफाई कामगाराच्या घरातला मुलगा सफाई कामगारांवर काम करतोय. एक नर्स रात्रपाळ्या सांभाळून रुग्णालयातल्या श्रमावर लिहितेय. एपीएमसीतल्या माथाडीचा मुलगा माथाडी मंडळांच्या इतिहासात शिरलाय. या सगळ्यांना आपण एका ओळीत बाद केलंत. उरलं कोण? ज्यांचा कशाशीच संबंध नाही असे. गावठाणालगतच्या सेक्टरमध्ये टॉवरात राहणाऱ्या संशोधकाला हे हमीपत्र डोळे झाकून देता येईल. पण तो टॉवर ज्या जमिनीवर उभा आहे ती कुणाची होती? संबंध त्याचाही आहे. त्याला तो लिहावा लागत नाही, इतकंच.

जर्मन तत्त्वज्ञ आणि फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेचे प्रमुख माक्स होर्कहायमर यांनी १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतांतला फरक मांडणारा निबंध लिहिला, तो याच मुद्द्यावर. ही संस्था १९२३ मधली. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ती बंद पाडली गेली आणि जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठाच्या आसऱ्याला गेली. घरदार सोडून आलेल्या होर्कहायमर यांचं म्हणणं साधं आहे : आपण जे पाहतो ते इतिहासानं घडवलेलं असतं आणि ज्या नजरेनं पाहतो तीही इतिहासानंच घडवलेली असते. अभ्यासक समाजाबाहेर कुठेतरी खुर्ची टाकून बसलाय, ही समजूतच मुळात तपासायला हवी. म्हणजे संबंध लपवू नका, तो मांडा आणि त्याचीही चिकित्सा करा. आपल्या एम.ए.च्या पेपरात यावर हमखास प्रश्न येतो. मुलं पाठ करून लिहितात, आपण गुण देतो, आणि तीच मुलं पीएच.डी.ला आली की त्यांच्याकडून याच्या बरोब्बर उलट लिहून घेतो.

जर्मन नाव नको असेल तर पुण्याचं घ्या. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं, फ्रँकफर्टची संस्था निघण्याच्या ४१ वर्षं आधी. त्याच्या सुरुवातीलाच ते आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांतला आहे हे सांगतात, आपण काढलेल्या शाळांचा हवाला देतात. आणि मग विचारतात की सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून येतो, तर तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो. आपलं हमीपत्र तेव्हा असतं तर जोतीरावांना आयोगापुढे तोंडच उघडता आलं नसतं.

दुसरी हरकत बदलाच्या बंदीला आहे, आणि इथे मला जरा तपशिलात जावं लागेल, कारण माझं घोडं नेमकं इथेच अडलंय.

मान्य प्रश्नावलीत एक प्रश्न आहे : ‘आपल्या कुटुंबाला योजनेअंतर्गत भूखंड मिळाला का? होय / नाही.’ यात कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. गावठाणातल्या एका घरी गेले तेव्हा साठी ओलांडलेली एक बाई पडवीत सुपात जवळा निवडत बसली होती. मी प्रश्न वाचला. तिनं मान वर न करता विचारलं, “कंच्या घराचा इचारतेस? म्हायेरचा का सासरचा?” मग जवळा निवडता निवडता तिनं जे सांगितलं ते असं. माहेरी बापाच्या नावावर जमीन होती. भूखंड भावांना मिळाला, कारण तिनं आणि तिच्या बहिणींनी हक्कसोडपत्रावर अंगठे दिले होते. भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून. सासरी भूखंड सासऱ्याच्या नावाने आला आणि वाटणी होण्याआधीच बिल्डरकडे गेला. पैशाचं काय झालं ते दिरांना ठाऊक. म्हणजे दोन्ही घरांना ‘होय’, आणि तिच्या नावावर ती बसली होती ती पडवीसुद्धा नाही. खूण कुठल्या चौकटीत करायची ते मला तिथं बसून ठरवता आलं नाही. फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात सगळं लिहून घेतलं.

त्यानंतर बायकांच्या जवळजवळ प्रत्येक फॉर्मचा समास भरत गेला आणि चौकटी निरुपयोगी ठरत गेल्या. समासातून जे वर आलं ते आर्थिक स्थितीच्या तक्त्यात बसणारं नव्हतं. प्रश्नच बदलला होता. भूखंडाने कुटुंब सुधारलं का, याआधी विचारायला हवं होतं की कागदोपत्री कुटुंब म्हणजे कोण, आणि त्यातून बहिणी कुठल्या पायरीवर गळतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला, मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटण्यांना हात लावला नाही. म्हणजे एखाद्या बाईचं लग्न कुठल्या साली झालं आणि वाटणी कुठल्या साली झाली, यावर सगळं फिरतं. आणि समितीनं मान्य केलेल्या प्रश्नावलीत लग्नाचं साल विचारलेलंच नाही! मासिक उत्पन्न विचारलंय, घरात फ्रिज आहे का विचारलंय.

आता नव्या नियमाने तो एक रकाना घालायचा तर मला नव्याने नोंदणी करावी लागेल. पुन्हा फी, पुन्हा समितीपुढे सादरीकरण, आणि आजवरचा काळ पाण्यात.

आणखीही पसारा आहे, तोही सांगते. मुलाखत चालू असताना मुलगा आत येतो, “आईला काय इचारता, तिला काय म्हाईत” म्हणतो आणि पुढची उत्तरं स्वतःच द्यायला लागतो. रेकॉर्डर बंद कर म्हणतात आणि बंद केल्यावर खरं बोलायला सुरुवात करतात. गरजेपोटी, परवानगीविना बांधलेल्या घरांचा विषय निघाला की मी कुठल्या तरी कार्यालयातून आलेय असं वाटून दार अर्धं लोटतात. कुणी म्हणतं, तू आमचीच ना, मग एवढा अर्ज लिहून दे आधी. मी लिहून देते. हे सगळं आपल्या साच्यात ‘त्रुटी’ किंवा ‘मर्यादा’ या सदरात एका परिच्छेदात उरकायचं असतं. मला तर माझा विषयच तिथं सापडतो : मुलगा आईच्या जागी उत्तर देतो तीच घटना हक्कसोडपत्रातही घडलेली असते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन लॉ यांनी २००४ मध्ये या पसाऱ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जी गोष्ट मुळात एकसंध नाही तिचं सुबक, स्वच्छ वर्णन करायला गेलं की गोंधळ उलट वाढतो, असा त्यांचा रोख आहे. माझ्या समासांच्या बाबतीत तरी मला तो पुरेपूर पटतो.

चिकित्सक सिद्धांताच्या घरातलंच एक उदाहरण देते, कारण ते दोनशेच्या आकड्यात बसलं असतं, पण आपल्या परिपत्रकाच्या साच्यात नाही. १९२९ मध्ये फ्रँकफर्टच्या त्याच संस्थेतले मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम आणि सहकाऱ्यांनी जर्मन कामगारांचं सर्वेक्षण हाती घेतलं. सुमारे ३,३०० प्रश्नावल्या वाटल्या, परत आल्या साधारण १,१००. मग नाझी आले, संस्था परागंदा झाली, स्थलांतरात कागद गहाळ झाले आणि हाती ५८४ उरल्या. त्यांनी नुसत्या खुणा मोजल्या नव्हत्या. कामगारांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरं जशीच्या तशी घेऊन त्यांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला होता. त्यातून दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं : डाव्या पक्षांना मत देणाऱ्या बऱ्याच कामगारांच्या मनाचा कल हुकूमशाही वळणाचा होता. ते छापावं की नाही यावरून संस्थेतच मतभेद झाले, फ्रॉम १९३९ मध्ये संस्थेतून बाहेर पडले आणि अभ्यास जर्मनीत पुस्तकरूपाने आला तो १९८० मध्ये, ५१ वर्षांनी. नमुना घटला, पद्धत बदलली, मुदत टळली. आणि तरी ते सर्वेक्षण आजही शिकवलं जातं, आपल्याकडेही.

एवढं वाचून आपल्यापैकी कुणीतरी म्हणेल, या बाईंना आकडेच नकोत. तसं नाही. याच संस्थेतले तत्त्वज्ञ आडोर्नो यांचं नाव घेऊन आकड्यांना नाकं मुरडणाऱ्यांना मी वर्गात आवर्जून पूर्ण गोष्ट सांगते. १९३८ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पॉल लाझार्सफेल्ड यांच्या रेडिओ संशोधन प्रकल्पात कामाला लागले. श्रोत्याला कुठलं संगीत किती आवडलं ते मोजायचं काम होतं. त्यांचं तिथं जमलं नाही. आवड मोजण्याआधी ती आवड कुणी घडवली ते विचारा, असं ते म्हणत राहिले, आणि प्रकल्पाला पैसा देणाऱ्यांना त्यात रस नव्हता. इथवरची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण हेच आडोर्नो पुढच्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञांबरोबर हुकूमशाही वृत्तीच्या अभ्यासात उतरले. तिथं मोजपट्ट्या बनवल्या, दोन हजारांहून अधिक लोकांकडून भरून घेतल्या, आणि त्यांतल्या निवडक लोकांशी तासन्‌तास बोलून त्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. १९५० मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांनी मोजलं, पण काय मोजायचं हे प्रश्नाने ठरवलं.

मीही मोजतेच आहे. हक्कसोडपत्रांची वर्षं, सह्या, अंगठे यांचा तक्ता माझ्याकडे आहे. तो बोलका आहे. पण दोनशेचा आकडा कुठून आला हे परिपत्रकात कुठेच नाही. ठाण्याच्या एखाद्या नाक्यावर रोजंदारीच्या कामासाठी रोज उभ्या राहणाऱ्या दहा-बारा बायकांबरोबर वर्षभर उभं राहून केलेला अभ्यास आपल्याकडे अपात्र ठरतो, आणि गुगल फॉर्म फिरवून एका संध्याकाळी भरून घेतलेले दोनशे ‘पूर्णतः सहमत’ पात्र ठरतात. मुलं हुशार असतात, साहेब. त्यांना कळतं की विद्यापीठाला काय हवंय.

सैद्धांतिक भागाच्या दहा पानांबद्दल बोलायचं तर चूक निम्मी आमचीही आहे, म्हणजे या क्षेत्राची. देवघरात फोटो लावावेत तसे आपले प्रबंध दुसऱ्या प्रकरणात मार्क्स, फुको, हाबरमास, आंबेडकर ओळीने लावतात. हार घालतात आणि पुढच्या प्रकरणात थेट तक्ता क्र. ३.१. विश्लेषणात त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा दिसत नाही. आपल्याला ही पानं फुकट वाटत असतील तर मी दोष देणार नाही. पण उपाय म्हणून पानं मोजून काय होणार? वीसऐवजी दहा पानांत तेच होईल. परीक्षकांना एवढंच विचारायला सांगा की सिद्धांत काढून टाकला तर निष्कर्षात काही फरक पडतो का. नसेल पडत, तर प्रबंध परत पाठवा. त्याला परिपत्रक लागत नाही.

‘मी’वरच्या बंदीचं तर काय बोलावं. ‘संशोधकास असे आढळून आले’ असं लिहिलं की आढळणारं आपोआप खरं होतं, अशी काहीतरी श्रद्धा त्यामागे असावी.

सहामाही प्रगती अहवालाबद्दलही दोन ओळी. पोर्टलवर काम टक्क्यांत भरायचं असतं. एकदा ६० भरलं की पुढच्या वेळी त्याहून कमी आकडा पोर्टल घेत नाही. माझ्यासारखीला क्षेत्रकार्यातून परत येऊन पहिलं प्रकरण नव्याने लिहावं लागतं, म्हणजे प्रामाणिकपणे ६० वरून ३५ वर यावं लागतं. तशी सोयच नाही. त्यामुळे आम्ही सगळेच दर सहा महिन्यांनी दहा-दहा टक्के पुढे सरकतो, कागदावर.

आणि शोधनिबंध. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली. आपल्याकडे मात्र ‘मान्यताप्राप्त यादीतील दोन निबंध’ ही अट तशीच आहे. यादीच उरली नाही तर मान्यताप्राप्त कसलं? मधल्यामध्ये पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांची चांदी होते. त्यांचे मेसेज आम्हांला येतात तसे आपल्यालाही येत असतील.

वेळेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. याच नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन मिळतात. ही सवलत उपकार म्हणून दिलेली नाही. घर, नोकरी, बाळंतपण सांभाळून लोक संशोधन करतात हे ओळखून दिलेली आहे. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला गेले, आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. मधल्या काळात शिष्यवृत्तीची मुदत संपून परत यावं लागलं, बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, सिडनहॅममध्ये नोकरी करावी लागली. आमची त्यांच्याशी बरोबरी नाही हे सांगायला नकोच. पण संशोधकाचं आयुष्य सरळ रेषेत चालत नाही हे मान्य करणारे नियम देशात आज आहेत आणि आपलं परिपत्रक ‘नव्याने नोंदणी’ म्हणत ते मागच्या दाराने काढून घेतं. फेलोशिपवर असलेल्यांचा तर पैसाच थांबेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

हमीपत्र पूर्णपणे रद्द करावं. त्याऐवजी प्रत्येक प्रबंधात संशोधकाने आपला विषयाशी, लोकांशी असलेला संबंध, त्यातून झालेले फायदे आणि आलेले अडसर दोन-चार पानांत स्वतः लिहावेत. हे सगळ्यांना लागू करावं, ‘माझा काही संबंध नाही’ म्हणणाऱ्यांना तर आधी.

शीर्षक, उद्दिष्टं, प्रश्नावली यांत बदल करायला संशोधन सल्लागार समितीची संमती पुरेशी मानावी. दर सत्राला संशोधक तिच्यापुढे उभा राहतोच. नियमावलीतच तशी तरतूद आहे. बदल केव्हा केला, का केला, आधी काय होतं याची तारीखवार नोंद गाईडच्या सहीने ठेवावी आणि ती प्रबंधाला जोडावी. परीक्षकांनी व्हायवात त्यावर प्रश्न विचारावेत. नक्कल करणाऱ्याला ही नोंद बनवता येणार नाही. आपल्याला जी चोरी पकडायची आहे ती दोनशेच्या सक्तीपेक्षा इथे लवकर पकडली जाईल.

दोनशेची आणि दहा पानांची अट काढावी. नमुना किती आणि का, याचं समर्थन संशोधकाने द्यावं आणि ते पटलं नाही तर समितीने जरूर नाकारावं, कारण लिहून. प्रथमपुरुषी लेखनावरची बंदी उठवावी. निबंधांची अट २०२२ च्या नियमावलीशी जुळती करावी. पोर्टलमध्ये टक्क्यांऐवजी ‘या सहा महिन्यांत काय केलं, काय बदललं’ असा मोकळा रकाना ठेवावा. ते काम संगणक विभाग एका दिवसात करू शकेल.

आणि सगळ्यात तातडीचं : ज्यांची नोंदणी आधी झालेली आहे त्यांना हे परिपत्रक लागू करू नये. पुढच्या विद्यापरिषदेच्या बैठकीआधी समितीने संशोधकांशी एक खुली बैठक घ्यावी. ठाणे किंवा नवी मुंबईत घेतलीत तर बरं, कारण मुख्य आवारात सकाळी अकराला पोहोचायचं तर तासिकेवरच्यांचे दोन तास बुडतात आणि त्या तासांचे पैसेही. बैठकीचा निर्णय लेखी कळवावा, आणि तोवर हमीपत्र न दिल्याबद्दल कुणालाही नोटीस काढू नये.

खाली नाव लिहिलेलं नाही, कारण तासिकेचं नेमणूकपत्र दर वर्षी नव्याने मिळतं. विभागामार्फत पाठवलेल्या मूळ अर्जावर माझं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही आहे. तो अर्ज समितीच्या कार्यालयात पोहोचल्याची पोचही माझ्याकडे आहे.

कळावे,

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी व तासिका तत्त्वावरील शिक्षिका,
नवी मुंबई